तेरा जणींचा एकच पत्ता

२३ फेब्रुवारी २०१६

स्कुओदासच्या तेरा बायांनो, एप्रिलात नॉर्वेला मासे कापायला निघालेल्या माझ्या गाववाल्यांनो,

बँकेनं आपल्याला एकदा बुडवलंय. पंच्याण्णव सालच्या डिसेंबरात आपले आईबाप बंद दारासमोर बर्फात उभे राहिले आणि हात हलवत घरी आले. तुमच्यातल्या एकीलाही हे नव्यानं सांगायला नको. तेव्हापासून आपलं गाव शहाणं झालं म्हणतात. काउंटरवरची पोरगी गोड हसली तरी आपण पर्स घट्ट धरतो. पण मी म्हणते, आपण अर्ध्याच शहाण्या झालो. बँकेवरून उडालेला विश्वास आपण वाऱ्यावर सोडला नाही, तो नेऊन एका माणसाच्या खिशात घातला.

दाइवा, पाकिटावर तुझं नाव आहे, कारण तू माझी बहीण आहेस. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. माझ्यासाठी वाचू नकोस. त्या बारा जणींना मोठ्यानं वाचून दाखव. तेही नको असेल तर पोस्टातल्या झीताकडे दे, तिचा आवाज खणखणीत आहे.

झीतानंच मला कळवलं. आल्विदास ब्राझिस पुन्हा बाया गोळा करतोय. कारखाना तोच, स्कार्वॉय बेटावरचा. तेरा जणींसाठी बँकही त्यानंच निवडली आहे. ३१ मार्चला, गुरुवारी, चर्चच्या दालनात फॉर्म भरायचे, आणि 'बँकेची पत्रं कुठे पाठवायची' या रकान्यात तेरा जणींनी एकच पत्ता लिहायचा: त्याचा.

मी विचारते, ही बँकच का? तिथे पोचायच्या आधीच का? आणि तेरा बायांची पत्रं एका पुरुषाच्या घरी का?

पत्रांबरोबर काय येतं ते ऐका. बोटाएवढं एक यंत्र येतं. बटण दाबलं की सहा आकडे दिसतात. आम्ही त्याला किल्ली म्हणायचो. तुम्हाला वाटेल, पगार काढायची काहीतरी भानगड असेल. बायांनो, इथे नॉर्वेत ती किल्ली म्हणजे तुमची सही आहे. तिच्यानं पगार निघतो, आणि तिच्यानंच घर भाड्यानं घेता येतं, नोकरी सोडता येते, सरकारात अर्ज करता येतो आणि केलेला अर्ज मागेही घेता येतो. किल्ली आणि पासवर्ड ज्याच्या हातात, तो म्हणजे तुम्ही. समोर तुमचं तोंड कोणी बघत नाही.

२००९ साली आल्विदासनंच नेलेल्या आम्ही अकरा जणी त्याच बेटावर होतो. दिवसाचे चौदा तास काम चाले आणि कागदावर आठ लागत. आम्ही कामगार खात्याकडे तक्रार केली. रविवारी केली, बुधवारी खात्याची बाई बोटीनं आली आणि म्हणाली, "तुम्ही तर तक्रार मागे घेतली आहे. अकराही जणींनी. इथे सह्या आहेत." आमच्यापैकी एकीनंही सही केली नव्हती. आमच्या किल्ल्या एका निळ्या बिस्किटांच्या डब्यात असायच्या, प्रत्येकीवर नावाची चिकटपट्टी, नावाखाली पासवर्ड. डबा आल्विदासच्या हाती लागला, बस्स.

म्हणून सांगते. पहिले दोन महिने पगार स्कुओदासमधल्या तुमच्या स्वतःच्या खात्यावर मागा. होय, त्याच बँकेत, जिला आपण रोज शिव्या घालतो. परदेशी खात्यावर पगार पाठवता येतो. आल्विदास नाही म्हणेल, पण येतो. मग इथला ओळख क्रमांक मिळाला की पासपोर्ट घेऊन स्वतः बँकेत जा, स्वतः बँक निवडा, आणि किल्ली स्वतःच्या हातात घ्या. आणि इथला पत्ता हवाच असं कोणी म्हणालं, तर माझा घाला. मी समोरच्याच किनाऱ्यावर राहते. प्रत्येकीची किल्ली मी स्वतः नेऊन देईन.

तुमची,
लाइमुते


५ मार्च

दाइवा,

सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. शिव्यांनी भरलेलं असलं तरी पाहिलं.

तू पत्र वाचून दाखवलंस, हे बरं केलंस. पुढे काय झालं तेही तू तपशिलात लिहिलं आहेस, बहुधा मला टोचावं म्हणून. स्तासे म्हणाली, "लाइमुते नेहमी भाषण वाढते, ताटात बटाटा एक नाही." सगळ्या हसल्या. हसू देत. स्तासेची जीभ चाळीस वर्षं तशीच आहे आणि कारखान्यात अशीच जीभ हवी.

मग आल्विदासच दारातून आत आला, आणि कोणीतरी त्यालाही माझं पत्र वाचायला दिलं. तो चिडला नाही. मला वाटलंच होतं. तू लिहितेस, तो खुर्ची उलटी करून बसला आणि म्हणाला, "बायांनो, लाइमुतेचं बरोबर आहे. बँकेवर विश्वास ठेवूच नका. म्हणून तर मी मध्ये उभा आहे." मग म्हणे त्यानं गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली. एका बाईनं ते यंत्र पँटच्या खिशात ठेवलं आणि पँट धुवायला टाकली. दुसरीचं माशांच्या आतड्यांबरोबर गटारात गेलं. "हातात रबरी मोजे, मोज्यांवर माशाचं रक्त, आणि तुम्ही बटणं दाबणार? माझ्याकडे असू द्या. हवं तेव्हा मागा. तुमचंच आहे."

दाइवा, या माणसाच्या बोलण्यातला प्रत्येक शब्द खरा असतो. यंत्रं धुतली गेली असतील, गटारातही गेली असतील. खोटं शोधायला बसशील तर सापडणार नाही. तो काय म्हणाला ते सोड. ठरल्यावर वस्तू कोणाकडे राहते, तेवढं बघ.

तू लिहितेस, "तो मीग्लेचा धर्मबाप आहे. बाप्तिस्म्याला त्यानं तिला हातांवर धरलं. तू कुठे होतीस, ताई?" तुझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला मी नव्हते. तू बोलावलं नव्हतंस, पण बोलावलं असतंस तरी मी आले नसते, हेही खरं. त्याचं कारण आत्ता लिहीत नाही. एवढंच विचारते. गावात त्याची धर्माची लेकरं किती आहेत? मी मोजली. नऊ. नऊही आया त्याच्या हाताखाली मासे कापून आलेल्या, नाहीतर तुझ्यासारख्या आता निघालेल्या. कूमासवर, लेकराच्या धर्मबापावर, संशय घ्यायचा नाही, हे आपल्याला बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर पाजलेलं असतं. रक्ताच्या भावाला आपण भर बाजारात चोर म्हणू, पण कूमासच्या पेल्यात दारू कमी पडली तर आपल्याला झोप येत नाही. ही आपली रीत आल्विदासनं बनवली नाही. त्यानं फक्त ती कामाला लावली.

तुझ्या मैत्रिणींना एक काम सांग. फॉर्मचं मागचं पान बघा. तिथे बारीक अक्षरात 'मदतनीस', म्हणजे तुमच्या वतीनं बँकेशी बोलणारा, असा रकाना असेल आणि त्यात त्याचं नाव आधीच छापलेलं असेल. नसेल तर मी खोटी.

पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, डब्याचा रंग मला कसा माहीत? चिकटपट्ट्या कोणी चिकटवल्या होत्या? अगं, एका खोलीत अकरा बाया राहत होतो. सगळ्यांना सगळं माहीत असायचं. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

लाइमुते


२० मार्च, झावळ्यांचा रविवार

दाइवा,

तुझं दुसरं पत्र परवा आलं. दोनच ओळी. 'मदतनिसाच्या रकान्यात त्याचं नाव छापलेलं आहे. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तू टाळलंस, ताई. एल्वीराची शपथ घेऊन सांग, पट्ट्यांवरचं अक्षर कोणाचं?'

एल्वीराची शपथ. आपल्या मावशीच्या पोरीची. तू नेमकं तेच नाव घेतलंस.

आज तुमच्याकडे जुनिपरच्या फांद्या घेऊन सगळे चर्चला गेले असतील. लहानपणी या दिवशी तू उशिरा उठायचीस. मी तीच फांदी घेऊन तुझ्या अंथरुणाशी यायचे आणि झोडपताना रीतीप्रमाणे म्हणायचे, "मी मारत नाही, फांदी मारते!" तू रडायचीस, पण आईकडे तक्रार करता यायची नाही. मारणारी फांदी. मग शिक्षा कोणाला?

पट्ट्यांवरचं अक्षर माझं होतं.

आता सरळ सांगते. बेटावर गेलो तेव्हा त्या यंत्राला सगळ्या घाबरायच्या. मला शब्दकोश घेऊन थोडं नॉर्वेजियन यायचं. मी वाचलेली बाई, बोलणारी बाई. त्या म्हणाल्या, "लाइमुते, तूच सांभाळ, आमच्याकडून हरवेल." मला ते आवडलं. अकरा बायांच्या किल्ल्या माझ्या खाटेखाली! बिस्किटांचा डबा मीच आणला. पट्ट्या मीच कापल्या. पासवर्ड विचारून मीच लिहिले. बहुतेकींनी लेकरांची नावं ठेवली होती.

तक्रार करायची कल्पना माझी. त्या रविवारी मी बाकावर उभी राहून बोलले. एकजुटीवर बोलले. चांगलं बोलले, दाइवा, अजून आठवतं. दोन जणी रडल्या. सोमवारी संध्याकाळी आल्विदास माझ्याकडे आला. त्याला तक्रारीचं काही माहीत नाही असं मला वाटत होतं. म्हणाला, "कराचे कागद भरायची मुदत उद्या संपते. डबा आजच्यापुरता दे. तू दमली आहेस, मी भरतो." मी दिला. त्यानं सकाळी परत केला. वर एक चॉकलेटही ठेवलं होतं.

बुधवारी खात्याची बाई सह्या वाचायला लागली, तेव्हा पहिल्या नावालाच मला कळलं. तिथेच, सगळ्यांसमोर. मला फक्त तोंड उघडायचं होतं. रोज उघडणारं हे तोंड त्या दिवशी मिटलं.

मग प्रत्येक बाई शेजारणीकडे बघू लागली. आपली सही आपण केली नाही हे जिचं तिला माहीत, म्हणून बाकीच्या दहा जणींनी केली असं प्रत्येकीला वाटलं. डब्याचा विचार एकीच्याही मनात आला नाही, कारण डबा माझा होता. मग चर्चा सुरू झाली की सगळ्यांना फोडलं कोणी. एल्वीराला मुकादमानं एकदा थर्मासमधली कॉफी दिली होती. तेवढं पुरलं. तिच्या खाटेवर कोणी बसेना. महिनाभरात ती गावी परतली, आणि तिच्या आधी गोष्ट गावात पोचली. चर्चच्या बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना अजून जागा रिकामी असते ना? मला झीता सांगते.

तू तेव्हा मला फोन केला होतास. "ताई, तू तिथे होतीस. एल्वीरा असं करेल?" मी काय म्हणाले, ते तुला पाठ असेल. "कोणाच्या मनातलं कोणी सांगावं?" म्हणाले. तिथून तू माझ्याशी बोलणं सोडलंस. बरोबर केलंस. तुला फक्त एवढं कळलं होतं की मी तिची बाजू घेतली नाही. बाप्तिस्म्याला का आले नसते, तेही आता कळलं असेल. धर्मबाप म्हणून तो उभा, आणि समोर मी. आम्ही दोघंच होतो ज्यांना ठाऊक होतं.

नंतर मी कामगार संघटनेत गेले. सात वर्षं वेगवेगळ्या बंदरांवर बायांना त्यांचे हक्क समजावते आहे. लोक ऐकतात. त्या सात वर्षांत बिस्किटांच्या डब्याचं नाव एकदाही काढलं नाही. पहिल्या पत्रातही 'डबा आल्विदासच्या हाती लागला' असं लिहिलं. लागला! जसा काही वाऱ्यानं उडून गेला. किल्ली बोलते, बाई नाही. फांदी मारते, मी नाही.

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही, वेळ जाईल. उद्या निघणाऱ्या ट्रकवाल्याकडे देते. एल्वीराला हे वाचून दाखव. माझ्या वतीनं माफी मागू नकोस, ते मी येऊन करीन. फक्त वाचून दाखव. आणि तिच्या शेजारी बसून वाच.

लाइमुते


२६ मार्च

दाइवा, आणि तुम्ही बारा जणी,

काल, गुड फ्रायडेला दुपारी, माझा फोन वाजला. सात वर्षांनी. मागे बायांचा गलका होता. दाइवा म्हणाली, "वाचलं. एल्वीरा इथेच आहे. ती उठून गेली नाही. आता मला एकच सांग, ताई. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर तुझ्यावर का ठेवायचा? पहिल्या पत्रात तूही तुझाच पत्ता दिलास."

आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला, तिनं उचलला नाही. उत्तर तोंडी द्यायचं नाही, कागदावर द्यायचं, असा त्याचा अर्थ मी घेते. हे पत्र नेणारा दुसरा ट्रकवाला मंगळवारी स्कुओदासला पोचेल.

उत्तर असं आहे. माझ्यावर ठेवू नका.

पहिल्या पत्रात मी माझा पत्ता दिला तेव्हा मला मनापासून वाटलं होतं की मी तुम्हाला वाचवते आहे. डबा खाटेखाली सरकवला तेव्हाही असंच वाटलं होतं. आल्विदासला काय वाटतं मला माहीत नाही. कदाचित त्यालाही तुमची काळजी वाटत असेल, मीग्लेचे मुके घेताना तो खोटं वागत नसेल. त्यानं काय फरक पडतो? माणूस चांगला की वाईट हे तपासत बसलो तर आपण दर वेळी हरू, कारण चांगला वाटणारा माणूस आपल्याला हमखास सापडतो. आपण बँकेवर संशय घेतला, शेजारणीवर घेतला, एल्वीरावर सात वर्षं घेतला. जिथे घ्यायचा तिथे मात्र कधी घेतला नाही: माझी वस्तू दुसऱ्याच्या हातात का, या एका गोष्टीवर.

झीता सांगते, तुमच्यात दोन तट पडलेत. स्तासे म्हणते, "बँक नको, आल्विदास नको, लाइमुते नको, मग पगार काय कोंबडीच्या खुराड्यात ठेवायचा?" स्तासे, खात्याशिवाय इथे काम मिळत नाही, त्यामुळे खुराडं बाद. गावातलं तुझं खातं दोन महिने पुरेल, मी तपासलं आहे. तुला माझ्या तपासण्यावर भरवसा नसेल, आणि नसावाच, तर बुधवारी बँकेत जाऊन स्वतः विचार. काउंटरवरच्या पोरीला खुशाल दटाव. ती तुझी किल्ली मागू शकत नाही, एवढं तिच्याबाबतीत बरं आहे.

दुसरी भीती खरी आहे. ती मी हसून उडवत नाही. झीताच्या कानावर आलं, आल्विदास म्हणाला, "जिचा फॉर्म अपुरा, तिची बसमधली जागा दुसरीला." दाइवा, तुला हे काम हवं आहे. मीग्लेचा बाप गेल्यावर घर तू एकटीनं ओढते आहेस, आणि तुला गावात काय मिळतं ते मला माहीत आहे. तू एकटी अडून बसलीस तर तुझी जागा जाईल. तो तुझ्या जागी मॅझेइकीयाईहून कोणालाही उचलून आणील. एकटी बाई त्याला परवडते.

तेरा परवडत नाहीत. चार एप्रिलला त्या कारखान्यात सव्वीस हात लागतात. तारवं थांबत नाहीत, मासे थांबत नाहीत, आणि नव्या तेरा बाया शोधून आणायला त्याला चार दिवस पुरणार नाहीत. त्यानं बसचे पैसे भरलेत, घर घेतलंय, कारखान्याला शब्द दिलाय. गुरुवारी त्या दालनात सगळ्यात जास्त घाबरलेला माणूस तो असेल. उलटी खुर्ची करून बसला तरी.

२००९ साली अकरा जणींनी माझं भाषण ऐकलं आणि किल्ल्या माझ्याकडे ठेवल्या. या वेळी भाषण नको. मी गुरुवारी तिथे येणारही नाही. मी आले तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघाल, आणि पुन्हा तेच होईल.

झीता म्हणते, फॉर्मचा गठ्ठा टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईकडे पहिला येतो, आणि टोकाला दाइवा बसते. मग दाइवा, तुझं नाव लिही, जन्मतारीख लिही. पत्त्याच्या रकान्यात काही लिहू नकोस, त्याचा नाही, माझा नाही; तुझा पत्ता तू इथे आल्यावर स्वतः बँकेत देशील. मागच्या पानावर छापलेलं त्याचं नाव एका रेघेनं खोड. तो विचारील, "कूमा, हे काय?" उत्तर देऊ नकोस. तुझा कागद सगळ्यांना दिसेल असा टेबलावर उघडा ठेव, आणि पेन शेजारणीच्या हातात दे.

लाइमुते